मामांच्या भिंतीवरचे लँकेस्टर: विमानयुद्धाची चित्रे नेमकी कोणाची आठवण जपतात?

निळीशाई (प्रश्न)

माझे मामा डॉक्टर होते आणि १९६८ पासून निवृत्तीपर्यंत त्यांनी इंग्लंडमधील लिंकनशायर परगण्यात व्यवसाय केला. गेल्या वर्षी ते गेले. त्यांच्या घरातल्या ज्या मोजक्या वस्तू माझ्याकडे पुण्याला आल्या, त्यांत चौकटीत बसवलेले एक मोठे छापील चित्र आहे. पहाटेच्या फिकट उजेडात एक लँकेस्टर बॉम्बर नांगरलेल्या शेतांवरून अगदी खालून तळाकडे परतत आहे. त्याच्या चार इंजिनांपैकी एक बंद आहे आणि त्या इंजिनाचा पंखा स्थिर दिसतो. चित्राखालच्या पांढऱ्या समासात शिसपेन्सिलीने केलेल्या पाच सह्या आहेत. त्यांतली एक चित्रकाराची असून उरलेल्या चार महायुद्धात लँकेस्टरमधून उडालेल्या माणसांच्या आहेत.

या चौघांपैकी एक जण मामांचा रुग्ण होता. तो विमानाच्या शेपटीतला, म्हणजे मागच्या टरेटमधला (बंदुका बसवलेल्या फिरत्या कोठीतला) गनर होता. मामांनी त्याला एकदा विचारले होते, की हे चित्र तुम्हाला बरोबर वाटते का. त्यावर तो म्हणाला, की चित्र सुंदर आहे आणि विमानही बरोबर काढले आहे, पण हे दृश्य मी कधीच पाहिलेले नाही. मी रात्रभर मागे तोंड करून बसत असे, आणि मला दिसत असे ते फक्त आम्ही मागे टाकून आलेले. शिवाय या चित्रात थंडी नाही, असेही तो म्हणाला. मामा पुण्याला आले की ही हकिकत सांगत आणि प्रत्येक वेळी थंडीच्या वाक्यापाशी थांबत.

आता हे चित्र मी बैठकीच्या खोलीत लावणार आहे आणि माझ्या मुलांसाठी त्याखाली चार ओळी लिहून ठेवणार आहे. लिहायला बसले तेव्हा अडचण ध्यानात आली. या चित्राला मी युद्धाची साक्ष म्हणावे, की युद्धानंतर कित्येक वर्षांनी विकण्यासाठी तयार केलेली शोभेची वस्तू म्हणावे? ज्याने सही केली त्यानेच जर ‘मी हे पाहिले नाही’ असे सांगितले असेल, तर त्या सहीचा अर्थ काय घ्यायचा? युद्धकाळात सरकारने नेमलेले चित्रकार असत, इतकेच मी ऐकून आहे. त्यांच्या चित्रांत आणि या चित्रात फरक काय, हेही जाणकारांनी सांगावे.

रेषा_आणि_रंग

तुमचा प्रश्न मला फार मोलाचा वाटला, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी चित्रकला शिकवतो, आणि युद्धाची चित्रे वर्गात दाखवताना विद्यार्थ्यांना प्रत्येक चित्राच्या दोन तारखा लिहायला सांगतो. चित्रातली घटना कधी घडली ही पहिली तारीख, आणि ते चित्र कधी काढले गेले ही दुसरी. या दोन तारखांमध्ये जेवढे अंतर असते, तेवढी आठवणीची जातच बदलते.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबर १९३९ मध्ये, म्हणजे युद्ध सुरू होऊन तीन महिने होण्याच्या आतच, माहिती मंत्रालयाच्या अखत्यारीत युद्धचित्रकारांसाठी एक सल्लागार समिती स्थापन झाली. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क तिचे अध्यक्ष होते. समितीने काही चित्रकारांना पगारावर नेमले, काहींकडून एकेक चित्र मागवले, काहींची तयार चित्रे विकत घेतली. युद्ध संपले तेव्हा तिच्या संग्रहात सुमारे ६,००० कलाकृती जमा झाल्या होत्या. यातल्या बहुतेक चित्रांच्या बाबतीत त्या दोन तारखा जवळजवळ एकच आहेत.

पॉल नॅश यांचे उदाहरण घ्या. पहिल्या महायुद्धातली चिखलाने आणि तुटक्या झाडांनी भरलेली त्यांची चित्रे आधीच प्रसिद्ध होती. १९४० मध्ये त्यांना हवाई मंत्रालयाकडे नेमले गेले. दम्यामुळे त्यांना विमानातून उडता येत नव्हते. त्यांनी जमिनीवरून विमाने पाहिली आणि ती सजीव प्राणी असल्यासारखी रंगवली. मंत्रालयाला हवी होती ती वैमानिकांची आणि यंत्रांची नेमकी चित्रे, त्यामुळे वर्षाअखेरीस त्यांची नेमणूक संपुष्टात आली. क्लार्क यांनी मग समितीच्या निधीतून ५०० पौंड बाजूला काढले आणि नॅश यांच्याकडून हवाई युद्धाची चित्रे घेणे चालू ठेवले. त्यातूनच ‘टोटेस मेअर’ हे चित्र आले. त्या जर्मन नावाचा अर्थ ‘मृत समुद्र’ असा आहे. ऑक्सफर्डजवळ काउली येथे पाडलेल्या विमानांचे अवशेष भंगारासाठी आणून टाकले जात. चंद्रप्रकाशात ते तुटके पंख नॅश यांना गोठलेल्या लाटांसारखे दिसले. हे चित्र लंडनच्या टेट संग्रहालयात आहे. ते सुमारे एक मीटर उंच आणि दीड मीटर रुंद असून, त्यात उजवीकडे खालून उडणाऱ्या एका घुबडाखेरीज जिवंत असे काही नाही. काउलीच्या त्या ढिगात ब्रिटिश विमानांचेही अवशेष होते. नॅश यांनी कॅनव्हासवर फक्त जर्मन विमाने ठेवली. म्हणजे तारीख अगदी ताजी असली तरी चित्रकार निवड करतोच, आणि ही निवड लढणाऱ्या देशाची होती.

एरिक रॅव्हिलियस यांची रीत अगदी वेगळी. त्यांच्या जलरंगांत लढाई जवळजवळ नाहीच. सराव विमाने, ओली धावपट्टी, कुंपण, कडेला उभे असलेले स्पिटफायर हे लढाऊ विमान आणि वर इंग्लंडचे पातळ, दुधाळ आकाश, एवढेच. १९४२ च्या ऑगस्टअखेरीस ते आइसलँडला गेले. तिथे एक हडसन विमान बेपत्ता झाले होते. २ सप्टेंबरला त्याच्या शोधासाठी निघालेल्या एका विमानात रॅव्हिलियस स्वतः बसले, आणि ते विमानही परत आले नाही. ते ३९ वर्षांचे होते. त्यांची चित्रे पाहताना मला नेहमी जाणवते, की तळावरच्या माणसाच्या आयुष्यातला बहुतेक वेळ असाच जात असणार, वाट पाहण्यात आणि हवामानाकडे डोळे लावण्यात. एखाद्या सैनिकाला चाळीस वर्षांनी ‘कुठला प्रसंग रंगवू?’ असे विचारले, तर तो ‘धावपट्टीवरचे डबके’ असे उत्तर बहुधा देणार नाही. रॅव्हिलियस यांनी ते डबके तेव्हाच्या तेव्हा टिपून ठेवले.

तुमच्या गनरच्या बोलण्याच्या सर्वांत जवळ जाणारे चित्र मात्र लॉरा नाइट यांचे आहे. १९४३ मधले ‘टेक ऑफ’ हे त्यांचे तैलचित्र स्टर्लिंग बॉम्बरच्या आतले आहे. विमान बाहेरून कसे दिसते ते त्यात नाहीच. अरुंद जागा, नळ्या, तबकड्या, नकाशावर वाकलेला नॅव्हिगेटर आणि उड्डाणाआधीचे गंभीर चेहरे आहेत. मिल्डनहॉलच्या तळावर राहून, त्या माणसांना समोर बसवून त्यांनी ते काढले. त्यातला नॅव्हिगेटर पुढे मोहिमेत मारला गेला. ते कळल्यावर बाईंनी खटपट करून हवाई मंत्रालयामार्फत त्या चित्राचे छायाचित्र त्याच्या घरी पाठवण्याची व्यवस्था केली. त्या घरासाठी ते चित्र काय झाले असेल, याची कल्पना करून पाहा.

तुमच्याकडचे चित्र या परंपरेतले नाही, पण तिच्याशी त्याचे नाते आहे. १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये विमानचित्रकारांचा संघ स्थापन झाला आणि फ्रँक वूटन त्याचे संस्थापक अध्यक्ष झाले. १९४४ मध्ये नॉर्मंडीत स्वतः जाऊन चित्रे काढलेला हा माणूस. त्याच सुमारास युद्धात लढलेली पिढी निवृत्तीच्या वयाला येऊ लागली होती. चित्रकार त्यांना भेटत, उड्डाण-नोंदवह्या पाहत, विमानावरची अक्षरे आणि त्या दिवशीचे ढग विचारून घेत, चित्र पूर्ण करत. मग त्याच्या मर्यादित प्रती छापून त्यांवर त्या सैनिकांच्या सह्या घेत. अशा चित्राची पहिली तारीख १९४३ किंवा १९४४ असते आणि दुसरी १९८० च्या आसपास. मधल्या काळात त्या माणसांची लग्ने झाली, मित्रांची थडगी जुनी झाली, आणि आपण वाचलो तर कशासाठी, हा प्रश्न त्यांनी अनेकदा स्वतःला विचारला. तुमच्या चित्रात विमान परत येते आहे, याकडे लक्ष द्या. अशा छापील चित्रांत परतीचा प्रसंग पुन्हा पुन्हा दिसतो. बॉम्बर कमांड या ब्रिटिश हवाईदलाच्या बॉम्बफेकी विभागातल्या सुमारे १,२५,००० विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मारले गेले. न परतलेल्या विमानाचे चित्र काढायला सही करणारा कोणी उरत नाही.

म्हणून मी त्याला साक्षच म्हणेन, पण ती पहाटेची साक्ष नव्हे. म्हातारपणी त्या चौघांना आपली पहाट कशी आठवावीशी वाटली, त्याची ती साक्ष आहे. सहीचा अर्थही ‘हे असे घडले’ असा न घेता ‘आम्हाला हे असे जपलेले मान्य आहे’ असा घ्यावा.

जुना_फिटर

मी वायुदलात एअरफ्रेम फिटर होतो. १९६६ मध्ये भरती झालो आणि पंधरा वर्षे सेवा करून बाहेर पडलो. सरांनी फार चांगले लिहिले आहे. त्यात जमिनीवर काम करणाऱ्यांची बाजू जोडतो, कारण विमानावर प्रत्यक्ष रंग लावणारे आम्ही होतो.

युद्धकाळातले सगळ्यात खरे विमानचित्र कॅनव्हासवर नसते, ते विमानाच्या पत्र्यावर असते. लंडनच्या हेंडन येथील संग्रहालयात ‘एस फॉर शुगर’ नावाचे एक लँकेस्टर उभे आहे. त्याच्या नाकावर डावीकडे छोट्या छोट्या बॉम्बच्या आकृत्यांच्या रांगा रंगवलेल्या आहेत. एक मोहीम पुरी झाली की एक आकृती, अशा १३० हून अधिक. त्यांच्याखाली, राइशच्या, म्हणजे जर्मनीच्या, भूमीवर शत्रूचे एकही विमान उडणार नाही, ही जर्मन हवाईदलाचा प्रमुख गोरिंग याची बढाई मुद्दाम इंग्रजीत लिहिलेली आहे. लँकेस्टरवाल्यांना ३० मोहिमा पुऱ्या केल्या की विश्रांती मिळे आणि फार थोड्यांच्या त्या पुऱ्या होत. तेव्हा त्या रांगा एका विमानाच्या असल्या तरी एका चमूच्या नाहीत, चमू बदलत गेले. प्रत्येक आकृती रंगवणारा फिटर मात्र पहाटे धावपट्टीच्या कडेला उभा राहून विमाने मोजत असे. एखादे विमान परत आले नाही, तर त्याचा रंगाचा डबा तसाच राहत असे. ताई, तुमच्या चित्रात धावपट्टीच्या कडेला कोणी उभे आहे का, ते एकदा पाहून सांगा.

आता आपल्याकडची एक गोष्ट. मी पहिल्या नेमणुकीवर लोहगावला आलो तेव्हा तिथे लिबरेटर ही चार इंजिनांची अमेरिकन बॉम्बर विमाने अजून उडत होती. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी ती कानपूरला टाकून दिली होती आणि ती पुन्हा वापरता येऊ नयेत अशी मोडतोडही केली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या माणसांनी त्यांतली चाळीसच्या आसपास विमाने दुरुस्त करून उडती केली. १९६८ अखेरपर्यंत ती समुद्रावर टेहळणी करत होती. जगातल्या संग्रहालयांत आज जी मोजकी लिबरेटर उरली आहेत, त्यांतली बरीच भारतातून गेलेली आहेत. त्यांतले एक अमेरिकेतील कॉलिंग्ज प्रतिष्ठानाने १९८४ मध्ये घेतले, मोठ्या कष्टाने पुन्हा उडते केले, आणि त्याच्यावर युद्धातल्या दुसऱ्याच प्रसिद्ध विमानांची चित्रे रंगवली. आधी एकाचे नाव, काही वर्षांनी दुसऱ्याचे, नंतर तिसऱ्याचे. त्या त्या विमानाच्या जुन्या चमूंना त्याने किती समाधान मिळाले असेल ते मी समजू शकतो, त्यांचे स्वतःचे विमान तर केव्हाच भंगारात गेले होते. पण त्या रंगाखालच्या पत्र्याने वीसएक वर्षे आपल्या वायुदलाचे चक्र मिरवले, आपल्या माणसांनी त्याचे रिव्हेट बदलले, हे त्या चित्रांकडे पाहून कोणाला कळणार नाही. एक आठवण जपण्यासाठी दुसरीवर रंग चढतो, हे मी डोळ्यांपुढे ठेवतो.

१९७१ च्या युद्धाबद्दलही सांगतो. आमची मिग-२१ विमाने तोवर बिनरंगाची, चकचकीत धातूची होती. उन्हात ती कित्येक मैलांवरून दिसत. लढाईच्या तोंडावर ती घाईघाईने हिरव्या आणि मातकट रंगांत रंगवली गेली, ज्या स्क्वाड्रनला जसे जमले तसे. मी ज्या तळावर होतो तिथे आम्ही काही ठिकाणी साधा ब्रश वापरला आणि त्याचे ओरखडे वाळल्यावरही दिसत होते. नंतर काढलेल्या चित्रांत तेच विमान इतके गुळगुळीत रंगवलेले दिसते, की जणू नुकतेच कारखान्यातून निघाले आहे. मला राग येत नाही, पण ते ओरखडे कोणीतरी काढायला हवे होते असे वाटते. त्या रात्री आम्ही कंदिलावर काळा कागद लावून काम केले, ती घाई त्या ओरखड्यांत होती.

उत्तरा_वाचते

मी गेली बारा वर्षे जर्मनीत हॅम्बुर्ग येथे राहते, त्यामुळे हा धागा वाचताना निळीशाई यांच्या प्रश्नातले एक वाक्य माझ्या मनातून जात नाही. तो गनर म्हणाला, की मला फक्त आम्ही मागे टाकून आलेले दिसत असे. त्याच्या डोळ्यांसमोर जे होते, ते माझे शहर असू शकेल.

जुलै १९४३ च्या अखेरीस या शहरावर आठवडाभर हल्ले झाले. २७ जुलैच्या रात्री उष्ण आणि कोरड्या हवेत आगी एकत्र मिळाल्या आणि आगीचे वादळ उठले. त्या हल्ल्यांत तीस हजारांहून अधिक माणसे मेली. शहराच्या मध्यभागी सेंट निकोलाय चर्चचा मनोरा अजून उभा आहे. बाकीचे चर्च कोसळले, ते तसेच स्मारक म्हणून ठेवले आहे आणि तळघरात त्या दिवसांविषयीचे प्रदर्शन आहे. तो १४७ मीटर उंच मनोरा वरून येणाऱ्या विमानांना दिशा ओळखण्यासाठी खूण म्हणून उपयोगी पडत असे. मी रोज त्याच्यावरून कामाला जाते.

मला कोणत्याही सैनिकाचा अवमान करायचा नाही. हे युद्ध कोणी सुरू केले, हे त्या तळघरातल्या प्रदर्शनातही स्पष्ट सांगितले आहे. जर्मन विमानांनी बॉम्ब टाकलेल्या वॉर्सा आणि कॉव्हेंट्री या शहरांची नावे तिथे आधी येतात. पण विमानचित्र या प्रकाराबद्दल माझी एक तक्रार आहे, आणि ती मी मोकळेपणाने मांडते. चित्रातले विमान जवळजवळ नेहमी हवेत असते, बाहेरून पाहिलेले असते आणि देखणे असते. त्याच्याखाली शेते, ढग किंवा समुद्र असतो. त्याने जिथे जाऊन काम केले, ते गाव चौकटीबाहेर राहते. याउलट हवाई हल्ल्याचे जगातले सर्वांत प्रसिद्ध चित्र आठवा. २६ एप्रिल १९३७ रोजी स्पेनमधल्या गेर्निका गावावर बॉम्ब पडले आणि पिकासो यांनी त्याच वर्षी पॅरिसमध्ये साडेतीन मीटर उंच आणि पावणेआठ मीटर रुंद असे ते चित्र केले. त्यात घोडा आहे, बैल आहे, मेलेले मूल घेतलेली आई आहे, दिवा आहे. विमान एकही नाही. खालच्या माणसाला विमान दिसतच नाही, त्याला घर पडताना दिसते. लंडनच्या भुयारी रेल्वेत रात्र काढणाऱ्या माणसांची हेन्री मूर यांची रेखाटनेही अशीच खालून पाहिलेली आहेत, आणि त्याच समितीने ती घेतली, हे सरांनी सांगितलेल्या गोष्टीत जोडण्यासारखे आहे.

मला वाटते, की विमान बाहेरून दाखवणारे चित्र हे ना वरच्या माणसाचे असते, ना खालच्या माणसाचे. तिथून कोणीच पाहत नव्हते. निळीशाई, तुमच्या मामांच्या रुग्णाने नेमके हेच सांगितले, आणि इतक्या मोजक्या शब्दांत मी ते आजवर कुठे वाचलेले नव्हते.

रेषा_आणि_रंग

उत्तराताईंचा मुद्दा मी मान्य करतो, आणि त्यात एक भर घालतो. ज्या बाजूने युद्ध हरले, तिच्या चित्रांचे काय होते, तेही पाहण्यासारखे आहे. जपानमध्येही सैन्याने नामवंत चित्रकारांकडून युद्धाची मोठमोठी चित्रे करून घेतली होती आणि त्यांत हवाई लढायांची चित्रेही होती. अमेरिकनांनी त्यांतली १५३ चित्रे ताब्यात घेऊन आपल्या देशात नेली आणि १९७० मध्ये बेमुदत उसनी या नात्याने टोकियोच्या आधुनिक कला संग्रहालयाला परत दिली. ही चित्रे सगळी एकत्र मांडावीत की नाही, यावर तिथे दीर्घकाळ संकोच राहिला. सही घेण्यासाठी रांग लागावी, असे त्या चित्रांच्या वाट्याला आले नाही. म्हणजे आठवण जपली जाण्यासाठी नुसते चित्र पुरत नाही, ती उघडपणे आठवायला समाजाची परवानगीही लागते.

मात्र एका गोष्टीवर माझे मत थोडे वेगळे आहे. बाहेरून काढलेले विमान कोणीच पाहिले नाही, हे पूर्ण खरे नाही. धावपट्टीच्या कडेला विमाने मोजत उभा असलेला फिटर ते पाहत होता, आणि त्या खालच्या शेतातला शेतकरीही. शिवाय विमानात बसणाऱ्यालाही आपले यंत्र बाहेरून पाहण्याची ओढ असते. पहिल्या महायुद्धातले आपले इंद्रलाल रॉय कोलकात्यात जन्मले आणि १९ व्या वर्षी, २२ जुलै १९१८ रोजी फ्रान्सच्या आकाशात मारले गेले. त्याआधीच्या तेरा दिवसांत त्यांच्या नावावर दहा विजय नोंदले गेले होते. अपघातात जखमी होऊन उड्डाणापासून दूर असताना त्यांनी विमानांची कितीतरी रेखाटने केली, आणि त्यांतली बरीच आजही टिकून आहेत. त्यांना विकायचे नव्हते, कोणी सांगितलेही नव्हते. जे हातातून सुटले होते, ते पेन्सिलीने धरून ठेवण्याची ती धडपड होती.

जुना_फिटर

उत्तराताई, तुमचे वाचून बराच वेळ काही लिहावेसे वाटले नाही. आम्ही विमान तयार करून देत असू आणि ते हलके होऊन परत आले की समाधान वाटे. ते कुठे हलके झाले, हा विचार त्या वयात केला नाही. तुमची तक्रार बरोबर आहे.

कागदपत्र

मी अभिलेखागारात काम करते, त्यामुळे थोडे व्यवहाराचे सांगते. चित्र बैठकीत लावणार असाल तर ज्या भिंतीवर थेट ऊन येते ती टाळा, कारण छपाईची शाई उडते आणि मग उपाय राहत नाही. पुण्याच्या पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येत असेल तर तीही नको. चौकट जुनी असेल, तर मागचा पुठ्ठा बहुधा आम्लयुक्त असेल आणि त्याने कागद पिवळा पडतो. चौकटवाल्याकडून आम्लरहित पुठ्ठा घालून घ्या आणि चित्र काचेला चिकटू नये म्हणून मध्ये समासाचा पुठ्ठा ठेवा. तो समास कापू देऊ नका, सह्या आणि प्रतीचा क्रमांक त्यावरच आहे. शिसपेन्सिलीच्या सहीला पाण्याचे भय कमी असले तरी घासण्याचे फार असते, तेव्हा कापडाने पुसू नका.

याहून महत्त्वाचे असे, की मामांनी सांगितलेली हकिकत आजच लिहून काढा. कोणी सांगितली, कोणाला सांगितली, तुम्ही ती कधी ऐकली, हे तिन्ही त्यात यायला हवे. लिंकन शहराजवळ २०१८ मध्ये बॉम्बर कमांडचे एक केंद्र सुरू झाले आहे. तिथला स्मृतिस्तंभ ३१ मीटर उंच आहे, म्हणजे लँकेस्टरच्या एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीएवढा, आणि त्याभोवतीच्या पत्र्यांवर सुमारे ५८,००० नावे कोरली आहेत. त्या केंद्राचा अंकीय संग्रह आहे. त्यात विमानसैनिकांच्या, तळावर काम करणाऱ्यांच्या, आणि ज्यांच्यावर बॉम्ब पडले त्या युरोपातल्या माणसांच्याही आठवणी ध्वनिमुद्रित करून ठेवल्या आहेत. उत्तराताई आणि फिटरकाका ज्या दोन टोकांवरून बोलले, ती तिथे शेजारी शेजारी ऐकता येतात. तुमची हकिकत ऐकीव असली तरी त्या गनरची सही तुमच्यापाशी आहे, त्यामुळे त्यांना तिचा नक्की उपयोग होईल.

निळीशाई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री चित्र टेबलावर आडवे ठेवून, भिंग घेऊन पाहिले. फिटरकाका, धावपट्टी चित्रात नाही, ती अजून पुढे असावी. पण शेताच्या कडेला, झाडांच्या रांगेशी, सायकल धरून उभा असलेला एक माणूस आहे. तो इतका लहान आहे, की इतक्या दिवसांत मला दिसला नव्हता. तो वर पाहतो आहे. तो तळावरचा आहे की गावातला, हे कपड्यांवरून सांगता येत नाही.

मागचे टरेटही नीट पाहिले. चित्रकाराने त्याच्या काचेवर पहाटेचा उजेड घेतला आहे, त्यामुळे आत कोणी बसलेला दिसत नाही, नुसती चमक दिसते. मामांनी आणखी एक सांगितल्याचे त्यावरून आठवले. त्या टरेटमध्ये समोरची पारदर्शक पट्टी गनर मुद्दाम काढून टाकत, कारण तिच्यावरचा एखादा डाग रात्री शत्रूच्या विमानासारखा भासे. मग वारा थेट तोंडावर येई. थंडीचे ते वाक्य त्यामुळे होते. मला ती गोष्ट माहीत होती, पण चित्राशी जोडून मी तिचा कधी विचार केला नव्हता.

चित्राखाली लिहायचा मजकूर असा तयार केला आहे, काही चुकत असेल तर सांगावे: ‘लँकेस्टर तळाकडे परतताना. हे चित्र युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी काढलेले असून त्यावर चौघा विमानसैनिकांच्या सह्या आहेत. डावीकडून तिसरी सही मागच्या टरेटमधल्या गनरची आहे. तो आजोबांचा रुग्ण होता. त्याने हे दृश्य पाहिले नव्हते. विमान ज्या दिशेने आले, त्या दिशेला तो पाहत होता. त्या दिशेला जी शहरे होती, त्यांतले एक हॅम्बुर्ग.’

शेवटच्या वाक्याबद्दल उत्तराताईंना विचारायचे आहे. तो गनर नेमका हॅम्बुर्गच्या मोहिमेवर होता, असे मामांनी कधी सांगितलेले नाही. तेव्हा ते नाव तिथे ठेवणे योग्य होईल का?

उत्तरा_वाचते

नाव काढून टाका आणि ‘शहरे होती’ इथेच थांबा. खात्री नसलेले नाव लिहिले, तर ज्याने इतके नेमके सांगितले त्याच्या तोंडी आपण आपले शब्द घातल्यासारखे होईल. मुले विचारतील तेव्हा या मनोऱ्याचे छायाचित्र मी पाठवीन.